धावण्याच्या स्पर्धेतून स्थानिक संस्थांना मदत: पैसा खरोखर पोहोचेल असा बेत

पाच-दहा किलोमीटरची स्पर्धा भरवायची आणि तिच्यातून आसपासच्या दोन-तीन सेवाभावी संस्थांना हातभार लावायचा, हा बेत कागदावर फार सोपा दिसतो. पाचशे लोक धावतील, शुल्क भरतील, खर्च वजा जाता उरेल ते संस्थेला. घोळ त्या 'उरेल ते'मध्येच आहे. स्पर्धेच्या खर्चाला तळ नसतो. पदक जरा जड करू, आणखी एक कमान लावू, छायाचित्रकार एकाऐवजी दोन घेऊ, असं करत करत शेवटी जी रक्कम हाती राहते ती पुठ्ठ्याच्या मोठ्या धनादेशावर लिहायलाही लाज वाटावी अशी असते. म्हणून संस्थांचा वाटा खर्चाच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहायचा. पुढची सगळी मांडणी याच एका गोष्टीवर उभी आहे.

पैसा कोणत्या वाटेनं जाणार?

स्पर्धेतून संस्थेकडे पैसा तीन वाटांनी जातो.

पहिली वाट आयोजकांची. नोंदणी शुल्क आणि प्रायोजकांची रक्कम यांतून आयोजक वाटा काढून देतात. १९८१ मध्ये सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉनची शिल्लक अशीच एका धर्मादाय न्यासाकडे जाते आणि तिच्यातून खेळाच्या सोयीसुविधांना पैसे मिळतात. दुसरी वाट धावपटूंची. ज्यानं त्यानं आपल्या ओळखीपाळखीतून एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करायच्या. १९८८ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये ३८ जणांच्या एका गटानं रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेसाठी असे तीन लाखांहून जास्त डॉलर जमवले आणि त्यातून 'टीम इन ट्रेनिंग' हा उपक्रम उभा राहिला. तिसरी वाट बिनशुल्काची. टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापल्यावर कर्करोग फुप्फुसात पसरल्यामुळे थांबला. त्याच्या नावानं १९८१ पासून दरवर्षी धाव होते. तिला प्रवेश शुल्क नाही, ज्याला जमेल तेवढी देणगी त्यानं द्यायची.

पाचशे-हजार धावपटूंच्या स्पर्धेनं पहिली वाट पाया म्हणून धरावी आणि दुसरी तिच्यावर जोड म्हणून. तिसरी वाट मनाला भावते, पण जागा, रस्ता आणि माणसं फुकट मिळणार असतील तरच झेपते. शिवाय फुकट नोंदणी केलेल्यांतले बरेच जण सकाळी उठतच नाहीत, आणि त्यांच्यासाठी आणलेलं पाणी व पदकं मात्र आलेली असतात.

आकडे मांडा, तेही नोंदणी उघडण्याआधी

शुल्क १०० धरू, म्हणजे कोणत्याही चलनात हिशेब तसाच लागू होईल. एका धावपटूमागे होणारा खर्च असा पकडा: टी-शर्ट २८, पदक १४, बिब (छातीवर लावायचा क्रमांक) आणि वेळ नोंदणारी टायमिंग चिप १२, पाणी आणि अल्पोपाहार १०, ऑनलाइन भरण्याचं कमिशन ३, विमा ३. एकूण ७०. हातात उरले ३०.

आता ठोक खर्च, म्हणजे धावपटू पन्नास आले काय आणि पाचशे आले काय, जो तेवढाच राहतो तो: परवानग्या, रुग्णवाहिका, मंडप, ध्वनिक्षेपक, रस्त्यावरचे अडथळे, मार्गाची मोजणी. तो १८,००० धरू. पाचशे नोंदण्यांचे तीस-तीसप्रमाणे १५,००० झाले. म्हणजे प्रायोजक नसेल तर पाचशे माणसं पळवूनही ३,००० चा खड्डा. सहाशेव्या नोंदणीला कुठे हिशेब बरोबरीत येतो आणि तोवर संस्थेच्या नावानं शून्य. 'यंदा खर्च जास्त झाला' हे वाक्य ऐकू येतं ते इथूनच.

उपाय असा की प्रायोजकांच्या पैशाला एकच काम लावायचं: ठोक खर्च. निदान तीन चतुर्थांश ठोक खर्चाची प्रायोजकांची लेखी हमी हातात आल्याशिवाय नोंदणी उघडू नये. 'बघू, करतो काहीतरी' ही हमी नाही. ठोक खर्च असा पूर्ण झाकला गेला की प्रत्येक नोंदणीतले ३० मोकळे होतात. त्यातले २० संस्थांना जाहीर करा आणि १० गंगाजळीत ठेवा. पाचशे धावपटूंवर संस्थांना १०,००० आणि गंगाजळीला ५,०००. नोंदण्या साडेतीनशेवरच अडल्या तरी संस्थांना ७,००० जातातच, शब्द मोडत नाही.

गंगाजळी ठेवली तर काही आयोजकांना अपराधी वाटतं, सगळं देऊन टाकायला हवं होतं असं. तसं मानू नये. आदल्या रात्री पूर आला, प्रशासनानं परवानगी काढून घेतली, तर पदकं आणि टी-शर्ट यांचे पैसे गेलेलेच असतात. अशा वर्षी संस्थांना किमान रक्कम, समजा ४,०००, याच पैशातून देता येते. स्पर्धा होवो न होवो, एवढे मिळतील असं संस्थेला सांगता येणं ही मोठी गोष्ट आहे, कारण तीही त्यावर आपलं नियोजन करते.

टी-शर्टकडे वेगळं लक्ष द्या, सगळ्यात मोठी गळती तिथे असते. नियमित धावणाऱ्यांच्या कपाटात असे वीस शर्ट पडून असतात. नोंदणीच्या फॉर्ममध्येच 'टी-शर्ट नको' असा पर्याय ठेवा. तो निवडणाऱ्याला शुल्क ८५. वाचलेल्या २८ पैकी १५ त्याचे सुटले, १३ संस्थेकडे वळवा. म्हणजे त्या एका माणसामागे संस्थेला २० ऐवजी ३३ मिळतात आणि आयोजकाचं काहीच बिघडत नाही. दुसरी चूक ऑर्डरची. सहाशेचा अंदाज बांधून शर्ट छापले आणि नोंदण्या साडेचारशे झाल्या, तर १५० शर्टांचे ४,२०० वाया. २१० धावपटूंकडून संस्थांना मिळणाऱ्या पैशाएवढी ही रक्कम आहे. स्पर्धेच्या सहा आठवडे आधी मापं घेणं बंद करा, त्यानंतर येणाऱ्यांना बिनशर्टाची नोंदणी. आणि शर्टावर साल छापू नका. शिल्लक शर्टांवर गेल्या वर्षाचं साल असेल तर ते पुढच्या वर्षी स्वयंसेवकांनाही देववत नाहीत.

रुग्णवाहिका, चौकातले मार्शल, पाणी आणि विमा इथे मात्र हात आखडू नका. संस्थेला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून पाण्याचं एक टेबल कमी केलं, तर पुढच्या वर्षी धावपटूच कमी येतात. अंतराचंही तसंच. मोबाइलवर मोजलेले दहा किलोमीटर वळणावळणाला वेगळे निघतात. प्रमाणित मार्ग हवा असेल तर पुढच्या चाकाजवळ जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) बसवलेल्या सायकलनं, कडेपासून ३० सेंटिमीटरवरून सर्वांत छोट्या रेषेत मोजतात, आणि किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. दहा किलोमीटरचा मार्ग म्हणून १०,०१० मीटर आखला जातो. वेळेची नोंद हवी असणारे धावपटू हे बघून येतात. मौजेखातर धावणाऱ्यांची स्पर्धा असेल तर प्रमाणपत्राचा खर्च टाळा, फक्त जाहिरातीत 'अंदाजे' लिहा.

संस्था कशी निवडावी

किती संस्था? एक ते तीन. दहा संस्थांत १०,००० वाटले तर प्रत्येकीला एवढं थोडं मिळतं की पावती फाडण्याचा आणि फोटोला माणूस पाठवण्याचा त्रासच जास्त.

स्पर्धेच्या निदान सहा महिने आधी एक पानी अर्ज मागवा. त्यात पाचच गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक, संस्थेच्याच नावाचं बँक खातं, गेल्या दोन-तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, या पैशातून नेमकं काय घेणार, आणि स्पर्धेच्या दिवशी किती माणसं देऊ शकता. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावरून निम्मा निर्णय होतो. 'गरजूंना मदत' असं लिहिणाऱ्या संस्थेला परत विचारा. 'दवाखान्याच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण, लांबी इतकी, खर्च इतका' असं लिहिणारी संस्था पैसे मिळाल्यावर काय करायचं हे ठरवून बसलेली असते.

एकदाच मिळणाऱ्या पैशातून दर महिन्याचा खर्च भागवायला देऊ नका. एखाद्या छोट्या संस्थेनं स्पर्धेच्या भरवशावर शिक्षिका नेमली आणि पुढच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही, तर शिक्षिकेचं काम जातं, मुलांचा वर्ग बंद पडतो आणि संस्था पूर्वीपेक्षा वाईट जागी येते. उपकरण, दुरुस्ती, फर्निचर, एका सत्राचं प्रशिक्षण, पुस्तकं अशा सुरू होऊन संपणाऱ्या गोष्टींसाठी स्पर्धेचा पैसा चांगला. पगार द्यायचाच असेल तर सलग तीन वर्षांची लेखी हमी आयोजकांनी द्यावी, नाहीतर त्या वाटेला जाऊ नये.

निवड करायला पाच जणांची समिती पुरते. सदस्यसंख्या विषम ठेवा, म्हणजे अडत नाही. समितीतल्या कोणाचा नातेवाईक अर्जदार संस्थेत असेल तर त्यानं ते आधी सांगावं आणि त्या अर्जाच्या वेळी खोलीबाहेर जावं, आणि इतिवृत्तात तशी नोंद हवी. छोट्या ठिकाणी सगळेच सगळ्यांना ओळखतात, तेव्हा ओळख असणं हा दोष नाही. ती लपवली की दोन महिन्यांनी ती कुजबुज होऊन परत येते.

निवडलेल्या संस्थेच्या जागी एकदा जाऊन या, शक्यतो कामाच्या दिवशी. फाइल चोख असलेली पण कुलूप लावलेली संस्थाही सापडते, आणि हिशेब शाळेच्या वहीत लिहिणारी पण दारात रांग असलेलीही. दुसरीला हिशेब नीट करायला मदत करता येते.

तिघांत वाटणी

सर्वांना समान वाटा हा सोपा मार्ग आहे, पण मग तीन माणसं पाठवणारी संस्था आणि चाळीस पाठवणारी संस्था एकाच मापात येतात. नोंदणीच्या वेळी धावपटूला संस्था निवडू द्यायची हा दुसरा मार्ग. तो दिसतो लोकशाही, पण त्यात लहान मुलं आणि प्राणी जिंकतात आणि व्यसनमुक्ती, मनोरुग्ण, अंथरुणाला खिळलेले वृद्ध दरवर्षी तळाला राहतात. लोकांना जे बघवत नाही त्यासाठी पैसे कमी येतात, आणि गरज तर तिथेच असते.

मधला मार्ग चालतो: ६० टक्के समान, ४० टक्के स्वयंसेवकांच्या प्रमाणात. १०,००० मधले ६,००० तिघांत सारखे, प्रत्येकी २,०००. उरलेले ४,००० हजर राहिलेल्या स्वयंसेवकांवर. समजा एका संस्थेचे ४०, दुसरीचे २५, तिसरीचे १५, एकूण ८०. म्हणजे माणशी ५०. पहिलीला २,०००, दुसरीला १,२५०, तिसरीला ७५०. शेवटी ४,०००, ३,२५० आणि २,७५०. मोजताना यादीतली नावं धरू नका, सकाळच्या हजेरीपत्रकावरच्या सह्या धरा. चार माणसांच्या संस्थेला तिचे हितचिंतक आणायची मुभा द्या, नाहीतर हा नियम मोठ्या संस्थांच्याच पथ्यावर पडतो.

एक पानाचा करार

ओळखीच्या माणसांत लिखापढी कशाला, असं वाटतं. ओळखीतच ती जास्त लागते. पुढच्या गोष्टी कागदावर हव्यात:

- वाट्याचं सूत्र, किमान रक्कम, आणि पैसे देण्याची शेवटची तारीख. स्पर्धेनंतर तीस ते पंचेचाळीस दिवस योग्य.
- स्पर्धा रद्द किंवा पुढे ढकलली गेली तर काय.
- संस्था किती माणसं, कुठे, किती वाजता देणार.
- संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह कुठे वापरायचं, कोणत्या प्रायोजकाशेजारी नाही. व्यसनमुक्ती केंद्राच्या फलकाखाली मद्याच्या ब्रँडचं नाव आलं की ती चूक कोणालाच निस्तरता येत नाही.
- पैसे कशावर खर्च करणार आणि त्याचा कागद कधी देणार.

धावपटूंचे फोन नंबर संस्थेला परस्पर देऊ नयेत. नोंदणी फॉर्ममध्ये 'या संस्थांनी मला संपर्क केला तर चालेल' अशी वेगळी चौकट ठेवा आणि ती आधीच टिक केलेली नसावी. ज्यांनी स्वतः टिक केली तेवढ्यांचीच यादी जाईल. दोनशे चिडलेल्या लोकांपेक्षा साठ राजी लोक संस्थेच्या जास्त उपयोगाचे.

फलकावरचं वाक्य

'सर्व उत्पन्न समाजकार्यासाठी' असं लिहू नका. उत्पन्न म्हणजे जमा झालेली सगळी रक्कम, आणि तिच्यातून पदकंही आलेली असतात. म्हणजे वाक्य खोटंच ठरतं. 'नफा संस्थांना' हे खरं असलं तरी त्यातून काही कळत नाही, कारण नफा शून्यही असू शकतो. असं लिहा: 'प्रत्येक १०० शुल्कातले २० या तीन संस्थांना. स्पर्धा रद्द झाली तरी एकूण किमान ४,०००. हिशेब अमुक तारखेला जाहीर.' एवढं लिहिणारी स्पर्धा फार क्वचित दिसते, आणि लोकांच्या ते लगेच ध्यानात येतं. जाता जाता, पाच किलोमीटरच्या स्पर्धेला मॅरेथॉन म्हणू नये. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरचीच असते, आणि फलकावरचा एक शब्द सैल दिसला की वाचणारा बाकीचे आकडेही सैल धरतो.

संस्थेकडे पाण्याचं टेबल सोपवताना

माणसं मागायची ती नेमक्या कामासाठी. 'या सगळे' म्हटलं की सगळे शेवटच्या रेषेजवळ मोबाइल घेऊन उभे राहतात आणि तिसऱ्या किलोमीटरच्या वळणावर कोणीच नसतं. एका संस्थेला एक टेबल पूर्ण सोपवा: पंधरा ते वीस माणसं, त्यांच्यातला एक प्रमुख, त्याचाच फोन आयोजकांकडे. पहिला धावपटू तिथे पोहोचण्याच्या दीड तास आधी हजेरी. वाहनांच्या वळणांवर मात्र फक्त प्रौढ आणि आधी समजावून सांगितलेले लोक हवेत. शाळकरी मुलं पाण्याच्या टेबलावर शोभतात, चौकात नाही.

पाण्याचं गणित: पाचशे धावपटू एकदा जाणार असतील तर ७५० कप, कारण काही जण दोन उचलतात आणि काही एक डोक्यावर ओततात. कपात दीडशे मिलिलिटर, म्हणजे साधारण ११२ लिटर. १२० आणा. ऊन कडक असेल तर माणशी दोन कप धरा. जाऊन परत येणारा मार्ग असेल तर तेच टेबल दोनदा लागतं, सगळं दुप्पट. हे विसरलं जातं आणि परतताना टेबलावर फक्त रिकामे कप उरतात.

कप दोन तृतीयांशच भरा, काठोकाठ भरलेला कप धावणाऱ्याच्या हातात अर्धा सांडतो. भरलेल्या कपांवर पुठ्ठ्याचा ताव ठेवून वर दुसरा थर लावता येतो, तसे दोन-तीन थर आधीच रचून ठेवले की गर्दीच्या दहा मिनिटांत भरत बसावं लागत नाही. देणाऱ्यानं हात लांब करून कप उघड्या तळव्यावर धरायचा, म्हणजे धावणारा बाजूनं चिमटीत उचलतो. मुठीत घट्ट धरलेला कप दोघांच्या ओढाताणीत सांडतो. सगळ्यांनी एकाच जागी घोळका करू नये, तीस-चाळीस मीटरमध्ये पसरावं, कारण पहिल्या दिसलेल्या हातावरच सगळे तुटून पडतात. कचऱ्याची पिंपं टेबलाला खेटून ठेवली तर कोणी वापरत नाही. पाणी पिऊन होईतो माणूस पुढे गेलेला असतो. पहिलं पिंप वीस-तीस मीटर पुढे, शेवटचं शंभराच्या आसपास.

आणि पाण्याचा पाचवा हिस्सा टेबलाखाली वेगळा ठेवून द्या. पुढे धावणारे वेगानं येऊन भरपूर उचलतात, आणि तासाभरानं चालत येणारे, ज्यांना उन्हात सगळ्यात जास्त गरज असते, त्यांना कोरडं टेबल मिळतं. तो साठा शेवटच्या शंभरांसाठी.

संस्थेच्या लाभार्थ्यांना मंचावर उभं करून त्यांची ओळख करून देऊ नका. ज्यांना धावायचं आहे त्यांना बिब द्या, चालायचं असेल तर वेळेची मर्यादा सैल ठेवा. त्याहून जास्त सोहळा नको.

दानपेटी आणि क्यूआर कोड

शेवटच्या रेषेजवळ पेटी ठेवणार असाल तर तिला क्रमांक द्या, झाकणावर सही केलेली चिकटपट्टी लावा आणि ती एकट्या माणसाकडे कधीही देऊ नका. उघडताना आयोजकांचा एक आणि संस्थेचा एक, असे दोघे हजर हवेत. नोटांचे मूल्यानुसार गठ्ठे, छापील फॉर्मवर प्रत्येक मूल्याची संख्या, बेरीज, दोघांच्या सह्या, फॉर्मचा जागेवर फोटो. दहा मिनिटांचं काम आहे. पैसे कोणी घेतले नाहीत तरी शंका उरते आणि ती काढायला मग वर्ष लागतं.

क्यूआर कोडचा फलक लावला तर त्यावर दुसराच कोड चिकटवण्याचे प्रकार होतात. सकाळी फलक लावल्यावर आणि मग तासातासाला कोणीतरी स्वतः कोड स्कॅन करून समोर संस्थेचंच नाव येतंय ना ते बघावं. फलकावर कोडखाली खातेदाराचं नाव ठळक छापा, म्हणजे देणाराही पडताळून बघतो.

धावपटूंनी जमवलेल्या देणग्या

हा पैसा स्पर्धेच्या खात्यात येऊच देऊ नका. प्रत्येक संस्थेची स्वतःची लिंक द्या, म्हणजे पावती देणाऱ्याच्या नावानं संस्थेकडून निघेल आणि जिथे करसवलत आहे तिथे ती बुडणार नाही. स्पर्धेतून किती आले हे कळावं म्हणून लिंकसोबत किंवा शेऱ्यात एक ठरलेला संकेतशब्द द्या.

धावपटूला पाच सूचना पुरतात. पहिली देणगी स्वतःची, कारण लिंकवरच्या कोऱ्या देणगी-पानावर कोणी पहिला हात घालत नाही. त्यानंतर सगळ्यात जवळच्या तिघाचौघांना विचारायचं, कारण सुरुवातीचे आकडे बघूनच पुढचे लोक आपला आकडा ठरवतात. गटात एकच निरोप टाकण्यापेक्षा एकेकाला नाव घेऊन लिहायचं: काय घ्यायचं आहे, किती जमलं, किती उरलं, शेवटची तारीख. गटातल्या निरोपाला प्रत्येक जण दुसऱ्यानं दिलं असेल असं समजतो. आणि पान स्पर्धेनंतर तीन आठवडे उघडं ठेवायचं. पदक गळ्यात घातलेला फोटो गेल्यावर देणारे बरेच असतात. दोन दिवसांत आभार मानायचे, मग रक्कम कितीही छोटी असो.

किमान रक्कम जमवण्याची सक्ती छोट्या स्पर्धेत करू नये. ज्याची ओळख मोठ्या पगाराच्या लोकांत नाही त्याचा पाय त्यानं दारातच अडतो.

पैसे देणं आणि मागोवा

स्पर्धेसाठी वेगळं खातं, दोन सह्यांशिवाय पैसे न निघणारं. नोंदणी चालू असतानाच दर आठवड्याला संस्थांचा वाटा, प्रत्येक नोंदणीमागे २०, दुसऱ्या खात्यात वळवत राहा. एकाच खात्यात सगळं पडून असलं की मंडपवाल्याची आगाऊ रक्कम 'तात्पुरती' त्यातून जाते, आणि असा तात्पुरता पैसा परत फिरत नाही. रद्द झालेल्या नोंदण्यांचे परतावे आणि पैसे भरण्यावरचे वाद गंगाजळीतून भागवा, संस्थांच्या खात्याला हात लावू नका.

ठरलेल्या तारखेला रक्कम बँकेतून पाठवा, पावती घ्या, आणि एका पानाचा हिशेब धावपटूंना, प्रायोजकांना आणि संस्थांना एकाच दिवशी पाठवा. त्यात नोंदण्या किती, शुल्क किती, प्रायोजक किती, मोठे खर्च एकेका ओळीत, प्रत्येक संस्थेला किती आणि गंगाजळीत किती. 'इतर' या ओळीत एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहून जास्त गेलं तर तिची फोड करा, कारण वाचणाऱ्याचं बोट थेट त्याच ओळीवर जातं.

सहा महिन्यांनी संस्थेकडून एक कागद मागवा: काय घेतलं, कितीला, ते चालू आहे का, किती जण वापरतात. सोबत बिल आणि वस्तूचा फोटो. लाभार्थ्यांचे चेहरे त्यांच्या परवानगीशिवाय नकोत, उतरणीचा फोटो पुरे. ठरलेली वस्तू घेता आली नसेल तर लगेच संशय घेऊ नका. उतरणीसाठी घरमालकाची परवानगी अडते, उपकरणाची किंमत वाढते. अशा वेळी तीन महिन्यांची मुदत वाढवून द्या. त्यातही जमलं नाही तर संस्थेनं दुसरं काम लेखी सुचवावं, आणि समितीनं ते मान्य केलं नाही तर रक्कम परत यावी, पुढच्या वर्षीच्या संस्थांच्या खात्यात. ही अट करारातच लिहिलेली असेल तर ती सांगताना कोणाला अवघडायला होत नाही.